गाडीच्या आरसीलाही फेरफार क्रमांक हवा

शेत घ्यायचं ठरलं की माणूस आधी सातबारा काढतो. 'इतर हक्क' हा रकाना दोनदा वाचतो. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, कुळाचं नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, जमिनीला जे काही चिकटलेलं असेल ते तिथे उतरलेलं असतं. नोंदीशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६ उघडला की नोंद कोणी मागितली, कोणत्या कागदावरून झाली, कधी मंजूर झाली, सगळं वाचता येतं. नोंद चुकीची असेल तर दाद कोणाकडे मागायची हेही त्यावरून उमगतं.

जुनी मोटार घेणारा माणूसही पाच-सात लाख मोजतो. कितीतरी कुटुंबांत घराखालोखाल तीच मोठी खरेदी असते. त्याला काय दिसतं? मोबाईलवर गाडीचा नंबर टाकला की मालकाचं निम्म्या फुल्या मारलेलं नाव, विम्याची तारीख, पीयूसीची तारीख आणि असल्यास फायनान्सरचं नाव. ब्लॅकलिस्टची एक ओळ असते. ती भरलेली असली तरी खूण कोणी टाकली, कोणत्या कलमाखाली, कुठवर राहणार आणि उठवायची कशी, हे त्या ओळीवरून कळत नाही. इसार दिला जातो, गाडी घरी येते, पूजा होते. महिन्याभराने गाडी नावावर करायला अर्ज भरावा तर तो पुढे सरकत नाही.

गाडीच्या नोंदणीवर बंधनं असावीत की नाही, हा वाद मला घालायचा नाही. ती असलीच पाहिजेत. चोरीची गाडी दुसऱ्याच्या नावावर चढता कामा नये. ज्या बँकेचं कर्ज थकलंय तिच्या नकळत गाडी विकली जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाडीची नवी नोंदणी बंद झाली, तर मागच्या तारखेच्या पावत्या दाखवून केलेल्या नोंदण्या अडवल्याच पाहिजेत. माझं म्हणणं नोंदीच्या रूपाबद्दल आहे. बंधन हा आदेश आहे, आणि आदेशाला क्रमांक, कारण, सही आणि मुदत लागते. सातबाऱ्यावर आपण हे कित्येक पिढ्या पाळत आलो. गाडीच्या बाबतीत आपण ते सोडून दिलंय.

मोटार वाहन कायदा, १९८८ उघडून पाहिला तर कायदा करणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक होतं असं दिसतं. कलम ४८ घ्या. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर आरटीओची एनओसी लागते. अधिकाऱ्याने ती ३० दिवसांत द्यायची किंवा नाकारायची, आणि नाकारायची तर कारण लेखी नोंदवून अर्जदाराला कळवायचं. या मुदतीत त्याने नकार कळवलाच नाही, तर एनओसी दिली असं कायदा धरतो. त्याआधी चोरीचा गुन्हा नोंद नसल्याचा पोलिसांचा लेखी अहवाल घ्यायचा आणि सरकारी देणी भरली आहेत का हे तपासायचं, हेही त्याच कलमात आहे. कलम ५३ खाली नोंदणी निलंबित करायची तर मालकाला आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. कलम ४५ खाली नोंदणी नाकारायची तर कारणं लेखी द्यावी लागतात. आणि कलम ५७ सांगतं की नोंदणी अधिकाऱ्याच्या अशा आदेशाने ज्याचं नुकसान झालं त्याला ३० दिवसांत अपील करता येईल.

पण अपील करायला आदेश हातात लागतो. ब्लॅकलिस्टची खूण संगणकात पडते आणि तिची प्रत मालकाकडे येत नाही. अर्ज अडेपर्यंत ती पडल्याचं त्याला कळलेलंच नसतं. मग अपिलाचे ३० दिवस मोजायचे कुठून? कारण, सुनावणी, मुदत आणि अपील हे चारही हक्क कायद्याने दिलेत, आणि पडद्यावरच्या एका टिचकीने ते गुंडाळले जातात.

आता एकेक बंधन पाहू. जे अर्ज करून सुटतं ते अर्जाने आणि जे कोर्टात सुटतं ते कोर्टातच सुटतं. चुकीच्या खिडकीवर माणसाचे महिने जातात ते हा फरक कोणी सांगत नाही म्हणून.

पहिला कर्जाचा बोजा, ज्याला सगळे एचपी म्हणतात. कर्ज फिटलं की बोजा उतरला, हा समज फार घट्ट आहे. शेवटचा हप्ता गेला, बँकेची एनओसी टपालाने आली, कपाटातल्या फाइलला लागली. आरसीवर फायनान्सरचं नाव मात्र तसंच राहिलं. कलम ५१ प्रमाणे करार संपल्याचा दोन्ही पक्षांचा पुरावा आल्यावरच ते नाव निघतं. त्यासाठी फॉर्म ३५ दोन प्रतींत भरायचा, दोन्हींवर मालकाची सही आणि फायनान्सरचा सही-शिक्का. जोडीला बँकेची एनओसी, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर करायचा. काही बँका आता एनओसी थेट आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत पाठवतात, तिथे काम बरंच हलकं होतं.

अडतं कुठे? बहुतेक वेळा चेसिस नंबरात. हा नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे गोल दिसलं की ते शून्य. बँकेच्या कारकुनाने एनओसीवर शून्याऐवजी ओ टाइप केला की आरसी आणि एनओसी जुळत नाहीत आणि अर्ज परत येतो. ऑनलाइन अर्जाची सुरुवातच चेसिसची शेवटची पाच अक्षरं टाकून होते, त्यामुळे आरसीवरच चूक असेल तर पहिल्या पायरीलाच दार बंद. दुसरी अडचण मोबाईल नंबरची. ओटीपी जातो तो गाडी घेताना शोरूमवाल्याने टाकलेल्या नंबरावर. तो बंद पडला असेल तर आधी मोबाईल नंबर बदलून घ्यायचा, मग बाकीचं. तिसरी, आधारवरचं आणि आरसीवरचं नाव. आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि आरसीवर नुसती आद्याक्षरं असली की घरबसल्या होणारं काम कार्यालयात न्यावं लागतं. चौथी, एनओसीची मुदत. अनेक एनओसींवर तीन महिन्यांची मुदत छापलेली असते. चार वर्षं कपाटात ठेवलेली एनओसी चालत नाही, बँकेकडून नवी घ्यावी लागते.

आणि बँकच उरली नसेल तर? देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात, पीएमसी बँक २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत. अशा वेळी एनओसी नव्या बँकेची घ्यायची आणि जोडीला विलीनीकरणाचं पत्र लावायचं, कारण आरसीवरचं नाव आणि शिक्क्यावरचं नाव वेगळं पडतं. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. तिथलं जुनं कर्ज असेल तर अवसायकाकडे, म्हणजे बंद बँकेचा कारभार आवरणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावं लागतं. आपल्याकडच्या नागरी सहकारी बँकांची अवस्था पाहता हा प्रश्न थोड्यांचा नाही. कर्ज फिटलं त्याच महिन्यात बोजा उतरवून घ्या असं म्हणायचं ते यासाठी.

याच जागी कायद्यातली एक फट आहे. आरसीची दुय्यम प्रत, दुसऱ्या राज्यासाठीची एनओसी, पत्ता बदलणं अशा कामांना मालकाने फायनान्सरकडे संमती मागितली, तर त्याने सात दिवसांत ती द्यायची किंवा लेखी कारण देऊन नाकारायची. गप्प बसला तर संमती दिली असं धरलं जातं, असं कलम ५१ मध्ये लिहिलंय. कर्ज पूर्ण फिटल्यावर बोजा उतरवण्याला मात्र असं घड्याळ लावलेलं नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला सात दिवसांचं संरक्षण आणि ज्याने पै न पै फेडली तो वाट पाहतोय, ही उलटी व्यवस्था आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढून ही फट बऱ्यापैकी बुजवली. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि कोणत्याही नोंदणी यंत्रणेकडचा बोजा काढायचा, उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे, आणि खासगी वापराच्या गाडीचं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत वैयक्तिक कर्जातच मोडतं. बोजा काढण्याचं काम बँकेचं आहे असाच याचा सरळ अर्थ होतो. तरी मालकाच्या हातात फॉर्म ३५ ठेवून त्याला आरटीओला धाडलं जातं. शाखेत जाताना या परिपत्रकाचा हवाला अर्जात लिहून जा.

बोजा उतरला की विमा कंपनीलाही कळवा. पॉलिसीवर बँकेचं नाव राहिलं आणि गाडी चोरीला गेली, तर भरपाईच्या वेळी पुन्हा त्याच बँकेची एनओसी आणायला पळावं लागतं.

दुसरं बंधन ई-चलनाचं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेली चलनं फोटोसह दिसतात. गाडी परराज्यात फिरली असेल तर केंद्राच्या ई-चलन संकेतस्थळावर वेगळं पाहावं लागतं. प्रकरण न्यायालयाकडे गेलं असेल तर ते आभासी न्यायालयाच्या संकेतस्थळावर सापडतं. फोटो उघडून पाहाच. नंबर प्लेटवरचा ३ आणि ८ कॅमेऱ्याने उलटसुलट वाचल्याने भलत्याच गाडीचं चलन आलेलं असतं. कधी फोटोत आपल्याच नंबराची, पण वेगळ्या रंगाची गाडी दिसते, म्हणजे कोणीतरी नंबर चोरलाय. तसं असेल तर पैसे भरू नका. आधी पोलिसांत लेखी तक्रार द्या, कारण भरलेलं चलन म्हणजे गुन्हा कबूल.

चलन हा मुळात आरोप आहे. मालकाने तो मान्य करून दंड भरावा, किंवा न्यायालयात लढावा. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत गेली पाहिजे असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७-अ मध्ये आहे. नोटीस वेळेत पोचली आणि माणसाने ना दंड भरला ना हरकत घेतली, तर त्याचे व्यवहार अडवणं मला रास्त वाटतं. पण एसएमएस बंद पडलेल्या नंबरावर गेलाय, चलन तीन वर्षांनी पहिल्यांदा दिसतंय, आणि तोवर गाडी अडकली, तर निकालाआधीच शिक्षा झाली. गाडी विकत घेणाऱ्यावर तर दुहेरी अन्याय होतो. सिग्नल तोडला दुसऱ्याने आणि खोळंबा याचा.

तिसरं बंधन पोलीस आणि न्यायालयाचं. इथे खूण टाकण्याचं कारण सहसा पक्कं असतं, पण काढायला कोणी येत नाही. गुन्ह्यात जप्त झालेली गाडी मालकाला सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, मिळते. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३ खाली होतं, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५१ आणि ४५७ खाली व्हायचं. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलीस ठाण्याच्या आवारात गाड्या सडवत ठेवू नका, बंधपत्र घेऊन लवकर सोडा. बंधपत्रात सहसा अट असते की खटला संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग-रूप बदलायचं नाही. पोलिसांचं पत्र आरटीओकडे जातं, खूण पडते. पुढे सात-आठ वर्षांनी खटला संपतो. आरोपी सुटतो किंवा शिक्षा होते, आणि ती खूण काढा असं पत्र लिहिणं कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं. मालकाने स्वतः निकालाची प्रमाणित प्रत काढायची, निकालात मुद्देमालाबद्दलचा परिच्छेद आहे का ते पाहायचं आणि सुपुर्दनामा कायम करून बंधपत्र रद्द केल्याचं वाक्य त्यात नसेल तर त्याच न्यायालयात छोटा अर्ज करून ते मिळवायचं. मग पोलीस ठाण्याचं पत्र आणि ही प्रत घेऊन आरटीओ. निकालातलं ते एक वाक्य नसेल तर आरटीओतला कारकून काही करू शकत नाही, आणि यात त्याचा दोष नाही.

चोरीला जाऊन सापडलेल्या गाडीत आणखी एक खड्डा आहे. मालकाला विमा कंपनीने चोरीचे पैसे दिले असतील तर सापडलेल्या गाडीवर हक्क कंपनीचा. 'पोलिसांकडून सुटून आलीय, कागद ओके आहेत' असं सांगून जुना मालक ती विकत असेल तर खरेदी करू नका. कायद्यातल्या कलम ६२ ने चोरीच्या आणि सापडलेल्या गाड्यांची माहिती पोलिसांनी राज्य परिवहन प्राधिकरणाला द्यायची वाट करून ठेवलीय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत कोणालाही नंबर, चेसिस, इंजिन टाकून गाडी चोरीच्या यादीत आहे का हे पाहता येतं. ही तपासणी फुकट आहे, तरी सौद्याच्या वेळी ती करणारे थोडे.

दिवाणी न्यायालयाची जप्ती असेल तर आरटीओत हेलपाटे घालणं वायाच. जप्तीनंतर मालकाने केलेली विक्री दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ मुळे त्या दाव्यापुरती निरर्थक ठरते. हुकूमनाम्याची रक्कम भरली की आदेश २१, नियम ५५ खाली जप्ती उठते. गाडी आपली आहे आणि कर्ज दुसऱ्याचं, असं असेल तर नियम ५८ खाली त्याच न्यायालयात हक्क सांगायचा. जीएसटी अधिकाऱ्याची कलम ८३ खालची तात्पुरती जप्ती एका वर्षाने कायद्यानेच संपते. पण संगणकातली खूण काढायला कोणीतरी हात लावावा लागतो, म्हणून वर्ष उलटल्यावर अधिकाऱ्याला आणि आरटीओला लेखी आठवण करून द्या.

चौथा प्रकार मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण त्यात दोन्ही माणसं खरी असतात. एकाने गाडी विकली, टीटीओच्या, म्हणजे मालकी बदलाच्या, फॉर्मवर सह्या करून दिल्या, पैसे घेतले. घेणाऱ्याने नावावर केलीच नाही. गाडी पुढे तिसऱ्याकडे, चौथ्याकडे गेली. कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात गाडी अशीच अनेक हातांतून गेली होती आणि अपघाताची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या, नोंद असलेल्या मालकावरच टाकली. तेव्हा विकणारा घाबरून आरटीओला पत्र देतो की या गाडीचा कोणताही व्यवहार करू नका. त्याची भीती रास्त आहे. पण त्या पत्रावर सुनावणीविना कायमची खूण पडली की चौथ्या हातातला, प्रामाणिकपणे पैसे मोजलेला माणूस अडकतो. आणि गंमत नव्हे, दुःख हे, की ज्याला गाडी आपल्या नावावरून उतरवायची होती, त्याच्याच नावावर ती या खुणेमुळे गोठून राहते.

विकणाऱ्याचं खरं संरक्षण कलम ५० मध्ये आहे. त्याच राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत त्याने स्वतः फॉर्म २९ (विक्रीची सूचना) आरटीओला द्यायचा, घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० (नावावर करण्याचा अर्ज). कोरे, सही केलेले फॉर्म कोणाच्या हातात देऊ नयेत. त्यावर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, विक्रीची तारीख आणि ताबा दिल्याची वेळ लिहूनच सही करावी. जुन्या गाड्यांच्या डीलरला देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून नियम स्पष्ट आहेत. आरटीओने अधिकृत केलेल्या डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये ऑनलाइन गेली की तिची जबाबदारी त्या डीलरवर येते. डीलरकडे हे अधिकृतपत्र नसेल तर गाडी त्याच्या अंगणात ठेवू नका.

एनओसी निघालेल्या गाड्यांची गोष्ट थोडक्यात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने अटकाव झाल्यापासून तिथल्या गाड्या एनओसी काढून स्वस्तात इतर राज्यांत येतात, आपल्याकडेही. गोव्याच्या जीए पासिंगच्या गाड्याही सिंधुदुर्ग-कोल्हापुरात येतात. एनओसी निघाली की जुनं कार्यालय हात झटकतं आणि आपलं कार्यालय कर भरून नवी नोंद होईपर्यंत गाडी आपली मानत नाही. मधल्या काळात ती अधांतरी. एनओसी ज्या आरटीओच्या नावाने निघालीय तिथेच नोंद होते. नाव चुकलं तर 'ही गाडी आमच्याकडे नोंदलेली नाही' असं पत्र त्या आरटीओकडून आणून मूळ ठिकाणी एनओसी रद्द करावी लागते. किंमत ठरवण्याआधी महाराष्ट्राचा कर किती बसेल हे काढा, स्वस्ताई बहुधा तिथेच संपते. आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या आपल्याच पासिंगच्या गाडीला एचएसआरपी ही उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवलेली नसेल तर नाव बदलणं, बोजा चढवणं-उतरवणं अशी कामं थांबतात. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, एवढ्यासाठी सौदा लटकवू नका.

इसार देण्याआधी काय करावं, तर बॉनेट उघडून चेसिस नंबरावर पातळ कागद ठेवा आणि मऊ पेन्सिल आडवी घासा. अक्षरांच्या कडा एकसारख्या, खोली सारखी, आजूबाजूला घासल्याच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा नाहीत, हे बोटांनाही कळतं. तो ठसा आरसीशी एकेक अक्षर जुळवा. मग चलनं, चोरीची यादी, फायनान्सर. आणि शेवटी सर्वांत उपयोगी गोष्ट: विकणाऱ्याला समोर बसवून परिवहनच्या संकेतस्थळावर नाव बदलण्याचा अर्ज फी भरण्याच्या पायरीपर्यंत न्यायला सांगा. नुसता नंबर टाकून जी कुलपं दिसत नाहीत ती अर्ज सुरू केला की पुढे येतात. विकणारा ओटीपी द्यायला कां-कूं करत असेल तर उठून या.

पण प्रत्येक ग्राहकाने गुप्तहेर व्हावं ही अपेक्षा चूक आहे. बंधनाची माहिती सरकारकडे आहेच, ती पूर्ण दाखवावी एवढंच मागायचंय. प्रत्येक नोंदीला क्रमांक, कलम, मागणाऱ्या कार्यालयाचं नाव, पत्राची तारीख आणि पुनर्विचाराची तारीख हवी. नोंद पडली त्या दिवशी मालकाला एसएमएस आणि पत्र. खासगी तक्रारीवरची खूण ३० दिवसांपुरती, तेवढ्यात दोन्ही बाजूंची सुनावणी, आणि पोलीस किंवा न्यायालयाचा आदेश आला नाही तर ती आपोआप गळून पडावी. कायद्याने ज्या जप्तीला मुदत आहे तिची मुदत संगणकानेच पाळावी. कर्ज फिटल्यावर बोजा काढण्याची वर्दी बँकेने सात दिवसांत 'वाहन'मध्ये द्यावी, मालकाने फॉर्म घेऊन फिरू नये.

यावर दोन आक्षेप येतात. एक, मालकाची खासगी माहिती उघडी पडेल. इथे मालकाचं नाव दाखवायची गरजच नाही, बंधनाचा प्रकार आणि क्रमांक पुरे. सातबाऱ्यावर तर नावासकट कर्ज दिसतं आणि गावाने ते पचवलंय. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तपास चालू असलेल्या गुन्ह्यात गाडीवर लक्ष आहे हे गुन्हेगाराला कळेल. खरं आहे. अशा मोजक्या नोंदींना ठरावीक काळ झाकून ठेवायची मुभा द्यावी, पण ती वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या सहीने आणि तारखेने. त्या मोजक्यांसाठी बाकी सगळ्यांच्या गाड्यांवर पडदा टाकणं न्याय्य नाही.

हे होईल तेव्हा होईल. आज ज्याची गाडी अडलीय त्याने तोंडी चौकशी करत बसू नये. साध्या कागदावर अर्ज द्यावा: 'माझ्या वाहनाच्या अभिलेखावरील निर्बंधाची नोंद कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, कोणाच्या पत्रावरून (पत्र क्रमांक व दिनांकासह), कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने आणि किती मुदतीसाठी घेतली, याच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. नोंद कायम ठेवायची असल्यास सकारण लेखी आदेश द्यावा, म्हणजे मला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५७ खाली अपील करता येईल.' हीच मागणी त्याच दिवशी माहिती अधिकाराच्या वेगळ्या अर्जावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यावी. दोन्हींच्या दोन-दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि शिक्क्यावरची तारीख नीट उमटलीय का हे खिडकीवरून हलण्याआधी पाहा. माहिती अधिकाराचे ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.